बिनतळाचा पंजा

“बाया हायतच की,” आप्पा म्हणाले आणि माझं डोकं सटकलं.

राहुरीच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका वर्कशॉपच्या अंगणात आम्ही उभे होतो. आप्पा म्हणजे माझे वडील, धाकटा भाऊ बिभीषण आणि मी. आई तेवढी लिंबाखाली एका उलट्या डब्यावर बसली होती, मान खाली घालून. पाहणाऱ्याला वाटावं, बाई काय मर्यादेची आहे. कसली मर्यादा! तिची मान आता वर होतच नाही.

आमच्यापुढे लोखंडाचे दोन पंजे मांडून ठेवले होते. एक पिवळ्या रंगाने चकाचक केलेला, दुसरा अजून नुसत्या तांबड्या प्रायमरवर. बिभीषणने उन्हाळ्यात एक जुना लहान ट्रॅक्टर घेतला होता, पुढे लोडर बसवलेला. त्या लोडरला पंजा लावला की तोडलेला ऊस शेतातून उचलून थेट ट्रॉलीत टाकता येतो. आजवर हे काम बायकांच्या डोक्यांनी केलं. पंजा कुठला घ्यायचा ते ठरवायला हे तिघं पाथर्डीहून आले होते आणि मी शिर्डीहून. शिर्डीत एका हॉटेलात खोल्यांच्या साफसफाईवर मी देखरेख करते. सुट्टी मागितली तेव्हा मॅनेजरने विचारलं, “पंजा बघायला? तुमचं काय काम तिथं?” मी म्हटलं, “माझंच काम आहे.”

वर्कशॉपचे मालक कारभारी नावाचे गृहस्थ होते. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भोकं पडलेला शर्ट, कानावर पेन्सिल. दोन्ही पंजे त्यांनीच घडवलेले, त्यामुळे कुठल्यालाच वाईट म्हणायची त्यांची तयारी नव्हती.

“ह्या पिवळ्याला खाली बादलीसारखा बंद तळ हाय,” ते म्हणाले. “वरून दात आवळत्यात. शेनखत भरा, मुरूम भरा, दगडं उचला, वेड्या बाभळी काढा. बारा म्हैने काम. हा तांबडा बिनतळाचा. खालून नखं, वरून नखं, मदी मोकळं. माती-पाचट खाली गळून जातं, निस्ता ऊस हातात ऱ्हातो. पन हंगाम सपला की हा पडून ऱ्हानार.”

“पिवळ्यानं ऊस भरता येत न्हाई का?” बिभीषणने विचारलं.

“येतो की. पन बादली ढिगात घुसवली की माती बी येती अन् ऊस बी मोडतो. मातीचा ऊस कारखाना घेत न्हाई. मंग वरवरचा ढीग मशीननं भरायचा अन् खालचा ऱ्हायलेला हातानं. दुसरं असं, पिवळा जड हाय. ट्रॅक्टर तुमचा लहान. त्याची निम्मी ताकद पंजाच उचलन्यात जायची.”

“ऱ्हायलेला ऊस बाया भरतील,” आप्पा म्हणाले. “बाया हायतच की.”

“कुठल्या बाया?” मी विचारलं.

“टोळीतल्या. कुठल्या म्हंजी?”

“नावं सांगा ना आप्पा. पहिलं नाव कुणाचं ते सांगा.”

आप्पांनी लिंबाकडे पाहिलं नाही. पिवळ्या पंजाच्या दातावर त्यांनी टिचकी मारली आणि आवाज कसा येतो ते कान देऊन ऐकलं.

साखर खाणाऱ्यांना मोळी म्हणजे काय ते ठाऊक नसतं, म्हणून सांगते. पुरुष कोयत्याने ऊस तोडत पुढे जातो. मागून बायको तो गोळा करते, उसाच्याच हिरव्या पात्यांनी, वाढ्याने, आवळून त्याची मोळी बांधते, डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवते, चुंबळीवर मोळी घेते, आणि ढेकळं तुडवत ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढते. फळी दबते, हलते, दवाने निसरडी झालेली असते. वर मोळी टाकली की खाली यायचं, दुसरी घ्यायला. नवरा-बायकोच्या या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. माणसं दोन, कोयता एक. बाईला त्यात वेगळं नावसुद्धा नाही.

माझी आई बायडाबाई लग्नाच्या वर्षी पहिल्यांदा फळीवर चढली. मी पोटात होते तेव्हा चढली, बिभीषण पोटात होता तेव्हा चढली. तो झाल्यावर बाळंतिणीला म्हणे आराम दिला. कसला आराम? मोळ्या बांधायला बसवलं होतं! हे सगळे कौतुकाने सांगतात. आमची बायडी लई घट्ट. मला हा शब्द ऐकला की अंगाचा तिळपापड होतो. घट्ट म्हणे. दगड आहे का ती?

श्रावणात मी तिला नगरला डॉक्टरकडे नेलं. तिच्या हातातून वस्तू निसटायला लागल्या होत्या. तवा, तांब्या, पोरांना द्यायचा खाऊ. डॉक्टरीणबाईंनी मानेचे फोटो पाहिले, तिच्या बोटांना टाचणी लावून पाहिली आणि तिच्यासमोरच मला म्हणाल्या, “डोक्यावर आता पाण्याची कळशीसुद्धा नको. आणखी एक हंगाम केला तर दोन्ही हात कायमचे जातील.” मी आप्पांना शब्दन् शब्द सांगितला. ते म्हणाले, “डाक्टर असंच म्हनत्यात.” बिभीषणने मात्र फोनवर सांगितलं होतं, “आक्का, तू घोर लावून घेऊ नको. मी मशीन आईसाठीच घेतोय. आवंदा तिच्या डोक्यावर मोळी यायची न्हाई.” त्या एका वाक्यावर मी निर्धास्त झोपत होते.

आणि आता हे दोघं पिवळ्याभोवती फिरत होते, बाजारात बैलाभोवती फिरावं तसे.

“एका टायमाला किती मोळ्या धरंल हा?” बिभीषणने विचारलं.

“मोळी केवढी असती तुमच्याकडं?” कारभारींनी कानावरची पेन्सिल काढली.

“एवढी,” आप्पांनी हात पसरले.

“एवढी कुठं? एवढी असंल,” बिभीषणने जरा कमी पसरले.

दोघांचं जमेना. सगळा जन्म ऊस तोडलेल्या माणसाला मोळी केवढी असते ते सांगता येईना! कसं येणार? त्याने ती कधी कवेत घेतलीय?

“बायडे, दाव की गं ह्यास्नी,” आप्पांनी हाक मारली.

आई उठली. पुढे येऊन तिने दोन्ही हात वाटोळे केले, जणू समोर कुणीतरी आहे आणि त्याला ती पोटाशी धरतेय. आमच्याकडे मोळीचं माप म्हणजे बाईची कव, दुसरं माप नाही. कारभारींनी टेप काढली. आईच्या हाताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावली, मग तीच टेप पंजाच्या उघड्या जबड्याला लावली आणि तोंडातल्या तोंडात हिशेब केला. ती बिचारी तशीच हात वाकवून उभी. मग सवयीने तिचे गुडघे वाकले, पाठ ताठ झाली, मोळी डोक्यावर यायच्या आधी बाई मान जशी कडक करते तशी तिने केली, आणि “आई गं” म्हणून ती एकदम खाली बसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“झालं मोजून?” मी ओरडले. “बसतेय का नीट ती पंजात? आता तिच्याच कवेच्या मापाने मशीन घ्या आणि परत तिलाच मोळी द्या! डॉक्टर काय म्हणाल्या ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं? का फोन कानाला लावून दुसऱ्या कानाने सोडून दिलंत? आणि तू रे बिभ्या, आईसाठी घेतोय म्हणालास ना? कुठाय यात आई? शेणखत दिसतंय, मुरूम दिसतोय, बाभळी दिसताहेत. आई दाखव मला. उद्या तुझं लग्न होईल, तिलाही आण इथं कव मोजायला!”

“आवाज खाली कर,” आप्पा म्हणाले. “लोकं बघत्यात.”

“बघू देत! फळीवर ती चढते तेव्हा लोक बघत नाहीत का?”

“आगं, लोखंड बारा म्हैने चाललं तर घर चालतं. तू शिर्डीत एसीत बसून...”

“मी एसीत बसत नाही, मी लोकांचे संडास घासून घेते. विषय बदलू नका.”

बिभीषण बुटाच्या टोकाने माती उकरायला लागला. लहानपणी दूध सांडलं की असाच करायचा. मी आईकडे वळले. वाटलं, आता हिने एक शब्द बोलावा, एकच, मग बघते कोण पिवळा घेतंय ते.

“आई, तूच सांग. तुझ्या मानेसाठी मशीन आहे ना हे? तुला कुठला पाहिजे?”

आईने पदराने तोंड पुसलं.

“पिवळाच घ्या,” ती म्हणाली.

“आयकलं?” आप्पा म्हणाले. “झालं समाधान?”

कपाळ माझं! मी जिच्यासाठी गळा फाडत होते तिनेच माझ्या पायाखालची जमीन काढून घेतली. मी तिला दंडाला धरून वर्कशॉपच्या मागच्या नळावर नेलं. हात-पाय धुवायचं निमित्त. तिथे कुणी नव्हतं.

“तुला वेड लागलंय का गं? हात जातील तुझे. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं.”

“आयकलंय मी.”

“मग?”

तिने नळ सोडला, पाणी हातावर घेतलं, पुन्हा नळ बंद केला. सांगावं की नको असं तिचं चाललं होतं.

“आरती, त्या तांबड्यानं समदा ऊस भरला तर मला कशाला नेतील?” ती म्हणाली. “मोळी हाय म्हनून मी हाय टोळीत. दिवाळी झाली की गावात कोन ऱ्हातं सांग. आंधळी-पांगळी अन् कुत्री. मी घरात एकटी बसून काय करू, भिंतीशी बोलू? तिकडं माझ्या बाया हायत. बनुबाई हाय. रात्री पाचटाच्या कोपीफुडं जाळ करून बसतो आमी, सुख-दुख बोलतो. हितं मला कोन इचारनार हाय?”

राग तसाच होता, पण कुणावर काढू ते कळेना. बाईच्या डोक्यावर इतकी वर्षं वजन दिलं, दिलं, आणि शेवटी तिला वाटायला लागलं की वजन काढलं तर आपणच उरत नाही! हे मी डॉक्टरीणबाईंना कसं सांगायचं? याचा फोटो कुठल्या मशीनवर निघतो?

“तू जाशील,” मी म्हटलं. “मोळी नाही घेतलीस तरी जाशील. सगळ्यांचं जेवण कर. कोपीत बस. बघते कोण नाही म्हणतंय.”

“बसून खाती म्हनतील.”

“म्हणू देत. इतक्या वर्षांत तू एकदा तरी बसून खाल्लंस का?”

आम्ही परत आलो तेव्हा पिवळ्याचा सौदा होत आला होता. आप्पा कारभारींना तेलाचे पाइप कुठल्या बाजूने घेणार, मागे वजन किती टाकावं लागेल असं विचारत होते. आता ते खुशीत होते. बायकोने सगळ्यांसमोर बाजू घेतली म्हटल्यावर काय! बिभीषण शेजारच्या टपरीवरून चहा घेऊन आला. काचेचे ग्लास, काठोकाठ भरलेले, वाफा निघत होत्या. मी रागाने घेतला नाही. आईने घेतला.

“बिभीषणा, तुझ्या ट्रॅक्टरला भगवानगडाच्या यात्रंला न्यायचं बरं का,” ती म्हणाली. वातावरण निवळावं म्हणून बोलत होती, तिला भांडणं सहन होत नाहीत. बोलता बोलता ग्लास तिच्या हातात कलला. चहा तिच्या बोटांवरून मनगटावर आला, मनगटावरून बांगड्यांत, बांगड्यांतून लुगड्यावर. ती बोलतच राहिली. समद्यांनी मिळून जाऊ म्हणाली, मागं ट्रॉली जोडू म्हणाली.

“आई,” बिभीषण म्हणाला.

“काय रे?”

“चहा सांडतोय.”

तिने खाली पाहिलं. बोटं लाल झाली होती. “व्हय की,” ती हसून म्हणाली, “कळलंच न्हाई बग,” आणि पदराला हात पुसला.

बिभीषणने तिच्या हातातला ग्लास काढून घेतला. तिची बोटं आपल्या मुठीत धरली आणि सोडेचना. त्याचा चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे पाहिलं. मग तो कारभारींना म्हणाला, “तांबडा द्या.”

“आरं पर...” आप्पांनी तोंड उघडलं.

“तांबडा.”

“हंगाम सपल्यावर काय त्याची पूजा करायची? शेनखताची कामं सोडायची?”

“शेनखत मी खोऱ्यानं भरीन,” बिभीषण म्हणाला. “तुमी मधी बोलू नका आप्पा.”

त्याने आप्पांना आयुष्यात कधी असं उत्तर दिलं नव्हतं. आप्पा तंबाखू मळत रस्त्याकडे निघून गेले. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी डॉक्टरांचं सांगितलं, समजावलं, भर अंगणात ओरडले, आणि माझ्या शब्दाला कुणी हिंग लावून विचारलं नाही. आईचा हात पोळलेला डोळ्यांनी दिसला तेव्हा कुठे लेकाला पटलं. म्हणजे बाई पोळल्याशिवाय तुम्हाला काही दिसतच नाही का रे? हे मी बोलले नाही. तो आईची बोटं गार पाण्यात धरून बसला होता, त्याला आणखी काय बोलायचं.

दिवाळीनंतर टोळी राहुरीच्या बाजूला उतरली. आई गेली. मीच भांडून पाठवली म्हणा ना. मुकादमाला फोन करून सांगितलं, ती फक्त स्वयंपाक करेल, आणि तिच्या डोक्यावर मोळी दिसली तर मी स्वतः येऊन तुमच्या डोक्यावर ठेवीन. तो ‘ताई, ताई’ करत राहिला.

पंजा पहिल्यांदा चालणार त्या दिवशी मी सुट्टी काढून गेले. सकाळची वेळ, सूर्य अजून उसाच्या शेंड्याशी. तोडलेल्या उसाचे ढीग पडले होते, आणि पाहते तर काय, सगळ्या मोळ्या व्यवस्थित बांधलेल्या! बिभीषण डोक्याला हात लावून उभा होता.

“मोकळा ठेवा म्हनून सांगितलं हुतं ना?” तो म्हणाला. “पंजाला बांधलेलं लागत न्हाई. उगं येळ घालवला.”

“आरं बाबा, हाताला सवं पडलीय,” बनुबाई म्हणाल्या. त्या आईच्याच वयाच्या, आईसारख्याच वाकलेल्या. “ऊस दिसला की हात वाढं हुडकतोच. आता काय सोडत बसायचं व्हय?”

तशाच बांधलेल्या राहू दिल्या. तिथे तरी वाद घालून काय होणार होतं! सगळ्या बायकांच्या कमरेला चुंबळी खोचलेल्या होत्या. आईच्यासुद्धा. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं तर म्हणाली, “आसू दे गं, पीठ मळताना हात पुसाया लागतं.”

आप्पा नवी टोपी घालून आले होते. पंजाला हार, लिंबू-मिरची, काळा दोरा, सगळं त्यांनीच बांधलं. आईला पुढे बोलावून हळदी-कुंकू लावायला सांगितलं. तिने खालच्या नखांना लावलं, वरच्यांना तिचा हात गेला नाही. आप्पांनी नारळ फोडला, आणि उसाचा मालक शेतकरी शेजारी उभा होता त्याला छाती फुगवून म्हणाले, “मंडळींसाठी घेतला बघा. मान दुखती ना त्यांची. म्हनलं, खर्चाचं बघू फुडं, बाईमानसाला तरास नको.”

मी तोंड उघडलं. आईने माझा हात दाबला. तिच्या बोटांत जोर नव्हता, पण मला कळलं. नारळाचं खोबरं मात्र मी आप्पांच्या हातून घेतलं नाही.

बिभीषणने ट्रॅक्टर चालू केला. तांबडा पंजा ढिगाकडे गेला, खाली वाकला, नखं पसरली आणि मिटली. बांधलेल्या पाच-सात मोळ्या एका घासात धरून तो वर निघाला. मधून माती भुरभुर गळत होती. मागची चाकं जरा हलकी झाल्यासारखी वाटली, कुणीतरी ओरडलं, पण ट्रॅक्टर सावरला. पंजा वर, आणखी वर. सगळी माणसं तोंड वर करून पाहत होती. बनुबाई टाळ्या वाजवायला लागल्या. पोरींनी मोबाईल काढले. आप्पांची टोपी मागे सरकली इतकी त्यांनी मान वर केली.

आई माझ्या शेजारी उभी होती. ती खाली पाहत होती.

आधी मला वाटलं, तिला बघायचं नाही. मग कळलं. तिच्यासमोर जमिनीवर पंजाची लांबलचक सावली पडली होती, उसाची टोकं तिच्यातून बाहेर आलेली. ती सावली हळूहळू ढेकळांवरून ट्रॉलीकडे सरकत होती आणि आई तिच्यावर नजर ठेवून होती, लहान मूल पहिल्यांदा चालताना आई ठेवते तशी.

“कुठवर गेला गं?” तिने विचारलं.

“वर गेलाय आई. ट्रॉलीच्या वर.”

“फळीच्या वर?”

“फळीच्या कितीतरी वर.”

“मंग झालं,” ती म्हणाली. मोळ्या टाकून पंजा परत फिरला, त्याची सावली आमच्या दिशेने येऊ लागली. ती पायांशी आली तशी आई पदर सावरून बाजूला झाली आणि तिला वाट दिली.